घरचा सर्व्हर: आधी काय, मग काय

सर्व्हर सांभाळायला शिकायचं म्हणून जुना कॉम्प्युटर घरी आणणारी पोरं बेळगाव, खानापूर, निपाणीकडं आता बरीच दिसतात. शनिवारी यंत्र येतं, रविवारी त्यावर डॉकरमध्ये (प्रत्येक अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) बारा अ‍ॅप चालू होतात, पुढच्या आठवड्यात घरच्यांचे सगळे फोटो त्यात चढतात. मग वळवाच्या पहिल्या पावसात लाइट जाते आणि यंत्र परत उठत नाही. बॅकअप तर येत्या रविवारी घ्यायचा होता! मला फोन येतात ते याच टप्प्यावर. कमांड बहुतेकांना येत असतात, कामांचा क्रम उलटा झालेला असतो.

म्हणून खालचा क्रम. त्यात अट एकच आहे: बॅकअपमधून सगळं एकदा परत उभं करून बघितल्याशिवाय घरचा एकही फोटो सर्व्हरवर ठेवायचा नाही. कमांडची नावं इथं उच्चाराप्रमाणं लिहिली आहेत. टाइप करण्याआधी त्या त्या कमांडचं मॅन्युअल पान उघडून वाचा, ती सवयही शिकण्याचाच भाग आहे.

१. यंत्र घेण्याआधी वीज मोजा

सर्व्हर चोवीस तास चालतो. ६० वॉट खाणारा जुना डेस्कटॉप महिन्याला ४३ युनिट घेतो. १५ वॉटचा मिनी पीसी किंवा लॅपटॉप ११ युनिटांच्या आत राहतो. ऑफिसातून निघालेला रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतो म्हणून आणाल, तर तो नुसता बसून १५० वॉट घेईल. म्हणजे १०८ युनिट झाले, वर पंख्यांचा आवाज असा की बाजूच्या खोलीत झोप लागायची नाही.

आपल्याकडं यात आणखी एक मेख आहे. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत घराचा मोफत हिस्सा आधीच्या सरासरी वापरावरून ठरलेला असतो, आणि महिन्याचा वापर २०० युनिटांच्या पुढं गेला की पूर्ण बिल भरावं लागतं. घर आधीच १७० युनिटांवर असेल, तर ४३ युनिटांचा डेस्कटॉप शून्य रुपयांचं बिल सगळ्याच्या सगळं भरायला लावेल. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा, त्यातला उन्हाळ्याचा सर्वांत मोठा आकडा घ्या आणि त्यात सर्व्हरचे युनिट मिळवा.

तपासा: प्लगमध्ये बसणारा वॉटमीटर मिळाला तर यंत्र मोकळं असताना आणि कामात असताना, दोन्ही वेळा आकडा घ्या. वॉट गुणिले ७२०, भागिले १०००, एवढाच हिशेब.

२. जुनं यंत्र दुकानातच तपासा

शिकायला ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि चार कोअरचा इंटेल प्रोसेसर पुरतो. सहाव्या पिढीच्या पुढचा मिळाला तर बरं. माझी पसंती विचाराल तर ऑफिसातून निघालेला मिनी पीसी घ्या. घरात पडलेला लॅपटॉप चालत असेल तर तोही उत्तम, त्याला स्क्रीन, कीबोर्ड आणि बॅटरी आयतीच आहे. पण ती बॅटरी फुगलेली नाही ना, हे आधी बघा. टचपॅड वर उचलला गेलाय, खालचं झाकण नीट बसत नाही, असं दिसलं तर बॅटरी काढल्याशिवाय तो लॅपटॉप रात्रभर चालू ठेवू नका.

दुकानात जाताना लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (काही न बसवता ज्यावरून यंत्र सुरू होतं तो) खिशात ठेवा. आधी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरा. तिथं पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो माहीत नसेल, तर यंत्र तिथंच ठेवून या. मग पेन ड्राइव्हवरून सुरू करून स्मार्टसीटीएलनं डिस्कची तब्येत बघा. रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे (खराब झालेल्या आणि संशयित जागांचे) आकडे शून्य हवेत. घरी आल्यावर रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी, लावा. रॅम खराब असेल तर पुढं दिसणाऱ्या चुका इतक्या विचित्र असतात की महिनाभर तुम्ही स्वतःलाच दोष देत बसाल.

जुन्या डेस्कटॉपचा बायोसचा सेल, सीआर २०३२, न विचारता बदलून टाका. तो मेला असेल तर लाइट गेल्यावर घड्याळ भलत्याच वर्षात जातं. मग अपडेट चालत नाही, सर्टिफिकेट चुकीचं आहे म्हणून तक्रार येते, आणि चूक नेटवर्कमध्ये आहे असं वाटत राहतं.

३. जागा, अर्थिंग, इन्व्हर्टर

कौलाखालच्या माळ्यावर यंत्र ठेवू नका, एप्रिलमध्ये ते भाजून निघतं. खिडकीजवळही नको. कणकुंबी-जांबोटीकडं पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओल लागते, तिथं यंत्र भिंतीपासून वीतभर पुढं आणि जमिनीपासून वर हवं. सर्व्हर सतत चालू असला तर आतली ऊब ओल धरू देत नाही. दोन महिने बंद पडलेलं यंत्र मात्र श्रावणात एकदम चालू करू नका, आधी पंख्याखाली वाळू द्या. पॉवर सप्लायच्या भोकांना बारीक जाळी लावली तर पाल आत जात नाही. हसू नका, मी एक काढली आहे.

लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मग त्या प्लगला अर्थिंग नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे. वायरमनकडून तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायची जुनी पद्धत चुकीची नाही.

इन्व्हर्टरवर बहुधा दोन मोड असतात. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर पंखा जरा मंदावून पुन्हा फिरतो, तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडलेला असतो. यूपीएस मोड लावा, त्यात बदल पटकन होतो. राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही इन्व्हर्टरच्याच लाइनवर घ्या. नुसता सर्व्हर जिवंत राहून उपयोग काय?

डेस्कटॉप किंवा मिनी पीसी असेल तर बायोसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप चालू' हा पर्याय शोधून लावा.

तपासा: मेन स्विच पाडा. सर्व्हर चालू राहिला का? आता सर्व्हरचा प्लगच काढा, दोन मिनिटांनी परत लावा. बटण न दाबता तो उठला का? या दोन्हींचं उत्तर 'हो' येईपर्यंत पुढं जाऊ नका. ऑपरेटिंग सिस्टम टाकायच्या आधीच ही परीक्षा घ्यायची, कारण तेव्हा गमावण्यासारखं काही नसतं.

सावधान: शेजारच्या किंवा मागच्या घरापर्यंत उघड्यावरून लॅनची तांब्याची केबल नेऊ नका. एप्रिल-मे महिन्यात वळीव कडाडतो तेव्हा ती वायर विजेला थेट तुमच्या राउटरपर्यंत आणते. ढग जमले की बाहेरून येणारी प्रत्येक तांब्याची वायर काढून ठेवा.

४. ऑपरेटिंग सिस्टम: कंटाळवाणी निवडा

डेबियन किंवा उबुंटू सर्व्हरची एलटीएस (जास्त वर्षं अपडेट मिळणारी) आवृत्ती. दोन्ही लिनक्सच. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तिला मिळणारा एकूण आधार पाच वर्षांचा धरा. प्रॉक्समॉक्स, कुबर्नेटिस वगैरे मोठ्या मांडणीच्या साधनांची नावं मोहात पाडतील. पण एका यंत्रावरची एक सिस्टम नीट कळल्याशिवाय त्यांच्याकडं गेलात, तर चूक नेमकी कुठल्या थरात आहे हेच कळणार नाही.

डेबियन टाकताना दोन जागी हमखास चुकतं. पहिली जागा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, पासवर्डची. तो रकाना रिकामा सोडा, म्हणजे सुडो (रूटच्या अधिकारानं काम करू देणारी कमांड) आपोआप बसतं आणि तुमच्या खात्याला तो अधिकार मिळतो. पासवर्ड भरलात तर नंतर 'सुडो सापडत नाही' म्हणून शोधत बसाल. दुसरी जागा सॉफ्टवेअर निवडीची. तिथं डेस्कटॉपवरच्या खुणा काढा आणि एसएसएच सर्व्हरवर (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरायची सोय) खूण करा. खिडक्या आणि माउस दिसत असेपर्यंत हात कमांडकडं वळत नाही.

लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर तो झोपी जातो. लॉगइनडीच्या (झाकण, बटण यांकडं बघणारी सेवा) सेटिंग फाइलमध्ये झाकणाच्या ओळीला 'इग्नोर' द्या, यंत्र रीस्टार्ट करा, झाकण मिटून दहा मिनिटं थांबा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरता येतं का बघा.

५. पत्ता पक्का करा, दार बंद करा

राउटरच्या डीएचसीपीमध्ये (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) एक आयपी पत्ता राखून ठेवा. सर्व्हरच्या आत हातानं आयपी घालण्यापेक्षा हे बरं, राउटर बदलला तरी सर्व्हर हरवत नाही. घरचं नेटवर्क १९२.१६८.१ वर असेल तर याच वेळी ते वेगळ्या आकड्यावर न्या, १९२.१६८.७३ वगैरे. हॉस्टेलचं, मामाच्या घरचं, चहाच्या दुकानातलं नेटवर्क बहुधा १९२.१६८.१ वरच असतं. पुढं बाहेरून व्हीपीएननं (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंतची कुलूपबंद वाट) घरी यायचं तर दोन्हीकडं एकच आकडा असल्यावर घोळ होतो.

आता एसएसएच. क्रम असा:

पहिल्यांदा आपल्या रोजच्या कॉम्प्युटरवर ईडी२५५१९ प्रकारची किल्ली बनवा, तिला पासफ्रेज द्या. तिचा सार्वजनिक भाग सर्व्हरवर पाठवा. किल्लीनं आत जाता येतं हे बघा. मगच पासवर्डनं लॉगिन बंद करा. सेटिंग बदलल्यावर एसएसएचडीला (सर्व्हरवरची एसएसएच सेवा) बारीक 'टी' चा पर्याय देऊन फाइलमध्ये चूक नाही ना बघा, सेवा रीस्टार्ट करा, आणि चालू असलेली खिडकी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्यानं आत शिरा.

सावधान: दुसरी खिडकी आत गेल्याशिवाय पहिली बंद करायची नाही.

उबुंटूत इथं एक फसवणूक आहे. तुम्ही मुख्य फाइलमध्ये पासवर्ड बंद करता, पण शेजारच्या फोल्डरमध्ये क्लाउडइनिटनं (पहिल्यांदा सुरू होताना सिस्टमची मांडणी करणारं साधन) ठेवलेली छोटी फाइल 'चालू' म्हणत असते. एसएसएचडी जी किंमत आधी वाचतो तीच धरतो, त्यामुळं तुमची ओळ वाया जाते. मोठा 'टी' पर्याय दिलात की प्रत्यक्ष लागू झालेली सगळी सेटिंग छापून येतात. फाइलवर भरवसा ठेवू नका, त्या यादीवर ठेवा.

फायरवॉललाही हाच न्याय. यूएफडब्ल्यूमध्ये (लिनक्सवरची सोपी फायरवॉल) आधी एसएसएचला परवानगी, मग फायरवॉल चालू. मी एकदा उलट केलं होतं. मी पुण्यात, सर्व्हर बेळगावात अनगोळच्या घरी, आणि फोनवर बाबांना स्क्रीन जोडायला लावून एकेक अक्षर सांगत बसलो. 'यू-एफ-डब्ल्यू' मधला डब्ल्यू त्यांनी दोनदा व्ही ऐकला. तेव्हापासून नेटवर्क आणि फायरवॉलला लांबून हात लावत नाही. मोठे बदल, आवृत्ती चढवणं वगैरे, गणपतीला किंवा दिवाळीला घरी असताना.

या टप्प्याच्या शेवटी वेळक्षेत्र कोलकात्याचं, म्हणजे भारतीय वेळेचं, करा आणि सुरक्षेचे अपडेट आपोआप येतील अशी सोय करा.

६. दुसरी डिस्क जोडताना

इथं इतकी यंत्रं अडकलेली पाहिली आहेत की जरा जास्त लिहितो.

बाहेरची यूएसबी डिस्क एफएसटॅब या (कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची ते सांगणाऱ्या) फाइलमध्ये 'एसडीबी' अशा नावानं लिहू नका. दुसरा पेन ड्राइव्ह लावलात की नावं बदलतात. यूयूआयडी, म्हणजे डिस्कवरचा न बदलणारा ओळख क्रमांक, वापरा. त्याच ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नको) हा पर्याय हवाच. तो नसेल तर लाइट जाऊन आल्यावर डिस्क जरा उशिरा जागी झाली किंवा तिची केबल सैल असली, की सर्व्हर दीड मिनिट वाट बघतो आणि मग आपत्कालीन मोडमध्ये जाऊन बसतो. तिथं नेटवर्कही नाही, एसएसएचही नाही. आणि तुम्ही घरी नाही.

'नोफेल' लावल्यावर दुसराच धोका उभा राहतो. डिस्क जोडली गेली नाही तरी तिचं फोल्डर रिकामं दिसत राहतं आणि अ‍ॅप बिनधास्त त्यात लिहायला लागतं, म्हणजे मूळ एसएसडीवर. चार दिवसांत एसएसडी भरते, सगळंच थांबतं. उपाय सोपा आहे: डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचअ‍ॅटरनं 'बदलू नये' अशी खूण करा. मग डिस्क नसेल तर लिहिताना चूक येईल. गुपचूप भरणाऱ्या डिस्कपेक्षा आरडाओरडा करणारं अ‍ॅप परवडलं.

तपासा: फाइंडमाउंटला व्हेरिफाय पर्याय देऊन एफएसटॅब तपासा. मग डिस्कची केबल काढून सर्व्हर रीस्टार्ट करा. तो उठतो का?

७. पहिली सेवा डॉकरशिवाय

एनजिनएक्स (वेब पानं दाखवणारा सर्व्हर) पॅकेजमधून बसवा आणि एक साधं पान दाखवा, पोह्यांची कृती लिहिलीत तरी चालेल. मग एक लहानशी स्क्रिप्ट लिहा, जी दर तासाला डिस्क किती भरली ते नोंदवते, आणि ती सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणारी व्यवस्था) टाइमरनं चालवा. सेवेची फाइल स्वतःच्या हातानं लिहायची, कॉपी करायची नाही.

या आठवड्यात पाच प्रश्नांची उत्तरं बोटांवर आली पाहिजेत. सेवा चालू आहे का? शेवटच्या तासात ती काय बोलली? कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय? डिस्क आणि आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) किती शिल्लक? रॅम किती शिल्लक? सिस्टमसीटीएल, जर्नलसीटीएल, एसएस, डीएफ, फ्री. नोकरीच्या पहिल्या वर्षातलं बरंचसं काम याच पाचांवर भागतं.

८. आता डॉकर

कंपोज फाइल (अ‍ॅपची सगळी मांडणी लिहिलेली) वापरा, लांबलचक कमांड नको. प्रत्येक अ‍ॅपला वेगळं फोल्डर करा, सगळी फोल्डरं गिटमध्ये (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) टाका, पासवर्ड मात्र गिटबाहेरच्या फाइलमध्ये. इमेजच्या (अ‍ॅपचा तयार गठ्ठा) नावापुढं 'लेटेस्ट' लिहू नका, आवृत्तीचा आकडा लिहा. नाहीतर एखाद्या सकाळी डेटाबेसची मोठी आवृत्ती बदलते आणि जुना डेटा उघडायला नकार देते.

सावधान: डॉकरनं उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू अडवत नाही. तुम्ही फायरवॉलमध्ये सगळं बंद केलंय असं समजता, पण डॉकर आपले नियम थेट आयपीटेबल्समध्ये (यूएफडब्ल्यूच्या खालची मूळ फायरवॉल) घालतो. जे अ‍ॅप फक्त त्याच यंत्रावरून लागतं त्याचा पोर्ट १२७.०.०.१ ला (यंत्राचा स्वतःपुरता पत्ता) बांधा. आणि डॉकर गटात ज्याला घातलं त्याला रूटचे अधिकार मिळाले असंच समजा. धाकट्या भावाला 'फक्त बघायला' म्हणून त्या गटात घालायचं नाही.

९. बॅकअप, आणि त्याहून महत्त्वाचं रिस्टोअर

रेडमध्ये (एकच डेटा दोन डिस्कवर एकदम लिहिणारी जोडणी) दोन डिस्क लावल्या म्हणजे बॅकअप झाला असं नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवरच हवी असं नाही. बहिणीचं सासर निपाणीला असेल तर तिच्या कपाटातली डिस्क चालते, सणावारी जाता-येता बदलायची. रेस्टिक हे बॅकअपचं साधन वापरलंत तर प्रत कुलूपबंद असते, म्हणून ती दुसऱ्याच्या घरी ठेवायला संकोच नको. मात्र तिचा पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. पासवर्ड गेला की बॅकअप गेला, तो कुणीही उघडून देऊ शकत नाही.

डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइल नुसत्या कॉपी करू नका. ती प्रत अर्धवट अवस्थेतली असू शकते. आधी डंप, म्हणजे डेटाबेसनं स्वतः लिहून दिलेली पूर्ण प्रत, काढा, मग त्या डंपचा बॅकअप घ्या.

आणि आता अवघड भाग. दुसरी, रिकामी डिस्क घ्या. सर्व्हरची मूळ डिस्क काढून कपाटात ठेवा. रिकाम्या डिस्कवर पायरी ४ पासून सगळं परत उभं करा, फक्त तुमच्या नोंदी आणि बॅकअप वापरून. घड्याळ लावा. पहिल्यांदा पूर्ण दिवस जातो आणि मध्येच कळतं की एक पासवर्ड त्याच डिस्कवर होता जी कपाटात आहे. तो कागदावर घ्या, पुढच्या शनिवारी पुन्हा करा. दोन तासांत जमलं की फोटो चढवायला हरकत नाही.

१०. बाहेरून घरी पोचणं

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करूनही (बाहेरची विनंती सर्व्हरकडं वळवूनही) बाहेरून काहीच येत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाची. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये किंवा १० नं सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागं आहात. एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, आणि तुमच्या राउटरमधला कुठलाही बदल तिथं पोचत नाही. रात्रभर सेटिंग फिरवण्यात अर्थ नाही.

टेलस्केल हे तयार व्हीपीएन लावा, ते सीजीनॅटमधूनही वाट काढतं. साधं वायरगार्ड (स्वतः मांडायचं व्हीपीएन) हवं असेल तर दोन टोकांपैकी एकाला तरी बाहेरून पोचता येणारा पत्ता लागतो, त्यासाठी छोटा भाड्याचा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) घ्यावा लागेल. चालू एसएसएच किंवा अ‍ॅपचं लॉगिन पान थेट इंटरनेटवर उघडं ठेवणं शिकाऊ माणसाचं काम नाही.

तपासा: मोबाइलचं वायफाय बंद करून सिमच्या डेटावर सर्व्हर उघडतो का? वायफायवर बसून केलेली चाचणी धरायची नाही.

११. घरच्यांच्या उपयोगाचं

इथपर्यंत आलात की फोटोंसाठी इमिच हे अ‍ॅप लावा. माझ्या मते आपल्या भागात सर्वांत उपयोगी अ‍ॅप मात्र पेपरलेस-एनजीएक्स आहे. आपल्या घरात कागद तीन भाषांत असतात: जमिनीचा आरटीसी उतारा कन्नडमध्ये, आजोबांची पत्रं आणि पावत्या मराठीत, बँकेचं सगळं इंग्रजीत. पेपरलेस कागद स्कॅन करून त्यातला मजकूर शोधता येईल असा करतो. पण त्याच्या डॉकर इमेजमध्ये मराठी आणि कन्नड मुळात नसतात. दोन वेगळी सेटिंग लागतात. एकात कुठल्या भाषा बसवायच्या ते, 'एमएआर' आणि 'केएएन'. दुसऱ्यात वाचताना कुठल्या वापरायच्या ते, त्याच दोन आणि जोडीला 'ईएनजी', मध्ये अधिकचं चिन्ह. बहुतेक लोक दुसरं भरतात, पहिलं विसरतात. छापील कागद बरा वाचला जातो, हातानं लिहिलेल्याची आशा धरू नका.

पाय-होलसारखा जाहिराती अडवणारा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) सगळ्यात शेवटी. तो पडला की घरातलं सगळं इंटरनेट पडतं आणि आतून हाक येते, "काय करूलास रे, मालिका बंद पडली की!" राउटर जुन्या डीएनएसवर परत कसा न्यायचा ते स्वतःला झोपेतही यायला हवं, मगच तो लावा.

१२. दर महिन्याला एक गोष्ट मोडा

सगळं सुरळीत चालत असलेल्या सर्व्हरकडून शिकायला फारसं मिळत नाही. पहिल्या महिन्यात मोठी फाइल बनवून डिस्क काठोकाठ भरा आणि काय काय थांबतं ते लिहा. दुसऱ्यात मित्राला बोलवा, त्यानं एक सेटिंग बिघडवायचं आणि सांगायचं नाही. तुम्ही फक्त लॉग वाचून शोधायचं. तिसऱ्यात एफएसटॅबमध्ये मुद्दाम चूक करून सर्व्हर अडकवा आणि पेन ड्राइव्हवरून सुरू करून सोडवा. प्रत्येक वेळी वहीत चार ओळी लिहा: काय दिसलं, काय वाटलं, खरं कारण काय निघालं, किती वेळ गेला.

जाता जाता एक कागद सर्व्हरच्या वरच्या भिंतीवर चिकटवा, मोठ्या मराठी अक्षरांत. कुठली वायर कशाची, इन्व्हर्टर संपत आला तर कुठलं बटण एकदाच दाबायचं, ते दाबून धरून का ठेवायचं नाही, आणि ढग गडगडायला लागले की कुठली वायर काढायची. लिहून झाल्यावर आईला तो वाचून तसं करायला सांगा आणि स्वतः मध्ये बोलू नका. ती जिथं अडखळेल ती ओळ परत लिहा.